काट्यावरचा लॅपटॉप

जिनिंगच्या गेटाजवळ काटा, काट्याजवळ माझी खोली,
खोलीत लॅपटॉप. घेताना मालक म्हणाले होते, "आय-फाइव्ह हाय, सांभाळजो."
मी मान हलवली. पाच कसले, ते विचारलं नाही.

संक्रांतीपासून तो घुरघुरायला लागला.
एक पावती काढायला इतका वेळ
की ट्रॅक्टरवाले चहा पिऊन परत यायचे
आणि पडद्यावरचं चक्र तिथंच फिरत असायचं.

शेवटी पिशवीत घालून हिंगणघाटला नेला.
बसस्थानकामागं प्रणोती मेश्रामचं दुकान, दीड खणाचं,
अर्ध्यात तिचा भाऊ रिचार्ज मारतो.
तिनं लॅपटॉप पालथा घातला,
अकरा स्क्रू काढून पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवले,
पाठ उचकटली आणि हसली.
"भाऊ, गादी भरून ठेवली का जी याच्यात?"

पंख्याच्या पात्यांत रुई होती.
तीन हंगामांची, धुळीनं करडी, दाबून बसलेली.
चिमट्यानं ओढली तर वातीसारखी लांबत आली.

"श्वास कोंडला याचा. हा प्रोसेसर.
ताप चढला का हा सोताच हळू होते, जळू नये म्हणून.
अन् तुमी त्याले आळशी म्हणता."
तिनं जुनी वाळलेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, वाटाण्याएवढी.

मग बोटाएवढी हिरवी पट्टी दाखवली. "ही रॅम."
मी म्हणालो, "म्हणजे याची मेमरी. ती भरली म्हणते ना मालक?"
"मेमरी दोन असते जी. तुमी काट्यावर बसता ना?
काट्यावर एका वेळी गाडी किती मावते? तेवढी ही रॅम.
अन् हा एसएसडी, हे गोदाम.
गोदाम तुमचं अर्धं रिकामं पडलं हाय.
काटाच लहान हाय, चार जीबीचा. म्हणून रांग."

बावीस वर्षं काट्यावर बसलोय.
इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अन् लाइट गेली तर?"
"गोदामातलं राहते. काट्यावरचं..."
तिनं उघड्या तळहातावर फुंकर मारली.

मला बुधवार आठवला.
पंचफुला देवतळेचा ट्रॅक्टर, भरलेला, काट्यावर.
आकडा मी मोठ्यानं वाचला, टाइप केला,
आणि सेव्ह करायच्या आधी लाइट गेली.
बॅटरी तर दिवाळीतच मेलेली,
वायर होती तोवर जीव होता.
लाइट आली तोवर कापूस ढिगात मिसळलेला,
ट्रॅक्टर रिकामा, एकोणीस चाळीस.
"भरलेलं छत्तीस ऐंशी होतं जी," ती म्हणाली, "तुमीच वाचून दाखोलं."
मी म्हणालो, "मशीनमधे नाही, बाई."
मालकांनी अंदाजे पस्तीस लावायला सांगितलं.
मी लावलं.
ती काही बोलली नाही, पदरानं हात पुसले,
पावतीची घडी केली, लहान, आणखी लहान.

"बॅटरी टाकू का नवी?" प्रणोती विचारत होती.
टाक, म्हटलं. रॅम पण टाक, आठची.
मालकांना विचारलं नाही. पैसे माझ्या खिशातले गेले.

संध्याकाळी खोलीत परत आलो.
यंत्र चालू झालं, आवाज न करता,
इतकं मुकाट की मी कान लावून पाहिलं.
बुधवारचं पान उघडलं. देवतळे, पंचफुला.
पस्तीस खोडून छत्तीस ऐंशी लिहिलं.
एक क्विंटल ऐंशी किलो.
सेव्ह दाबलं. पुन्हा दाबलं.
मग जुन्या लाल वहीतही लिहिलं, पेनानं,
कारण सवय जात नाही.

मालक सकाळी विचारतील.
काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही;
काटा आणि गोदाम यातला फरक
त्यांना कुठून सुरू करून सांगू?

लॅपटॉप तेवढा उजव्या कोपऱ्यात किंचित हलतो.
अकरावा स्क्रू बहुतेक
तिच्या झाकणातच राहिला.